थंड पाण्याला आलेली उकळी

पाणी खळाखळा उकळत होतं आणि हात घातला तर थंडगार लागत होतं. एवढ्यासाठी गेले काही दिवस सकाळपासून गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या भिंतीबाहेर, रस्त्याकडेला एक खड्डा, त्यात गुडघाभर पाणी आणि काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाबा. बाबा डोळे मिटून बसायचे आणि एकाएकी हात वर करायचे.

"जागा हो, पाताळाच्या राजा. लेकरं तहानलीत."

एवढं म्हटलं की पाण्यातून बुडबुड्यांचे लोंढे उसळायचे. लोक हात जोडायचे आणि मग बाटल्या भरायला एकमेकांच्या पायांवर पाय द्यायचे. गुडघेदुखी, अपचन, नोकरी, रुसलेला जावई, सगळ्यावर हाच एक उतारा.

या केंद्रातल्या मेकॅनिकला सगळी गल्ली मिस्त्री म्हणायची, आणि हवेत जरा वास आला की त्यालाच बोल लावायची. त्याची स्वतःची आई तर त्याला कामाचे कपडे बाहेर काढल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नसे. तीच आई आता पहिल्या रांगेत बाटली घेऊन बसली होती.

"आई, शुगरची गोळी घेतलीस?"

"बाबांनी बंद करायला सांगितलीय. गोळी आणि हे पाणी एका पोटात नांदत नाहीत."

"आणि पायाची जखम? कडेनं काळी पडायला लागलीय."

"ती आतून भरतेय. बाबा म्हणाले."

"बाबा आत जाऊन आलेत?"

आईनं तोंड फिरवलं. मिस्त्री खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "अगं, हे पाणी आमच्या नाल्यातून झिरपतं. अख्ख्या शहराच्या संडास-मोऱ्यांचं, आम्ही धुऊन काढलेलं. झाडांना चालतं, पोटात चालत नाही."

"मग ते उकळतं कशानं, ते सांग."

ते मिस्त्रीलाही ठाऊक नव्हतं. आईचा पाय डोळ्यांदेखत नासत होता आणि तिच्या एका साध्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. याचा त्याला भयंकर राग आला.

त्यात कामावरही त्याचं डोकं उठलं होतं. घाण खाणारे जिवाणू हवेवर जगतात, म्हणून ब्लोअर नावाचं मोठं यंत्र टाक्यांमध्ये हवा सोडतं. रस्त्यापलीकडच्या टाकीत ती हवा हल्ली नीट पोहोचतच नव्हती. मिस्त्रीनं ब्लोअरचे पट्टे बदलले, फिल्टर बदलले, अख्खं यंत्र दोनदा खोललं. मेकॅनिकच तो, त्याला खोट यंत्रातच दिसणार.

दुपारी तो आईला उठवायला पुन्हा गल्लीत आला, तेव्हा यंत्राच्या ठरलेल्या विश्रांतीनंतर ब्लोअर पुन्हा सुरू झाला. सुरू होताना तो आजारी म्हशीसारखा हंबरतो. गल्लीला त्याची इतकी सवय झालेली की कुणाला ते ऐकूच येत नसे. पण बाबा या गल्लीत नवे होते. हंबरडा फुटताच त्यांनी कान टवकारले, हात वर गेला, राजाला हाक गेली आणि थोड्याच वेळात बुडबुडे आले.

मिस्त्री जागच्या जागी हसत सुटला. रस्त्याखालून पलीकडच्या टाकीकडे जाणारा हवेचा पाइप बरोबर या खड्ड्याखालून जात होता. तो जी गळती इतके दिवस शोधत होता, तिच्यासमोर त्याची आई हात जोडून बसली होती.

तो धावत केंद्राच्या साहेबांकडे गेला. "साहेब, रस्ता खणू या."

"लोक मला खणतील," साहेब म्हणाले. मग त्यांनी टेबलाखालची बाटली पायानं आणखी आत सरकवली. "बायकोच्या गुडघ्याला जरा आराम आहे रे."

मिस्त्रीनं मग ब्लोअर चालवणाऱ्या ऑपरेटरबाईंना गाठलं. दुसऱ्या दिवशी ब्लोअर हंबरला, पण बाईंनी त्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सगळी हवा अलीकडच्या टाकीत वळवली होती. बाबांनी हात वर केला. पाणी ढिम्म. त्यांनी हात बदलून पाहिला, आवाज चढवून पाहिला.

"गर्दीत कुणीतरी अविश्वासू आहे," बाबा गरजले.

"मीच तो," फोन कानाला लावून मिस्त्री म्हणाला. "पण बाबा, कालही मी इथेच होतो. आजच राजाचं काय बिनसलं? बाई, सोडा."

शेवटचे शब्द फोनवरच्या ऑपरेटरबाईंना. हात आता मिस्त्री स्वतः वर करणार होता. पण भर गर्दीत लेकाचा आगाऊपणा बघून आईनंच हात उगारला, "गप्प बस मेल्या," आणि त्याच क्षणी पाणी उसळलं.

मग एका बाईनं आईचे पाय धरले, तिच्यामागे दुसरीनं. बाबा हुशार, त्यांनी खुर्ची सोडली आणि हात जोडले. "मी यांचीच वाट बघत होतो."

आई स्वतःचा हात उलटा-सुलटा करून बघत होती, आणि तिला ते आवडत होतं.

इतक्यात एक तरुण बाई मांडीएवढ्या पोरीला घेऊन पुढे आली. "आई, हिला फिट येतात. रोजचं औषध आहे. तुम्ही सांगा, बंद करू?"

आई त्या पोरीकडे बघत राहिली. मग लेकाला म्हणाली, "खरं सांग, हे मी केलं?"

"नाही आई. ऑपरेटरबाईंनी केलं. खाली हवेचा पाइप फुटलाय."

"बंद करायला सांग."

त्यानं सांगितलं. हात तसाच वर ठेवून आई पाणी शांत होताना बघत राहिली. मग तिनं हात मांडीवर ठेवला. "आता सोडायला सांग." पाणी पुन्हा उसळलं.

"बघितलंस पोरी?" आई म्हणाली. "माझ्या हातात काही नाही. औषध बंद करू नकोस. मी माझं बंद केलं आणि पाय घालवत बसले. औषध सोडा म्हणणारा कुणीही असो, आधी डॉक्टरला विचारा. आणि पाणी उकळलं तर हात कसले जोडता, खाली काय आहे ते बघा."

मिस्त्रीनं फावडं आणलं. पाणी उपसून थोडं खणताच पाइपचा फाटलेला सांधा दिसला. लोक वाकून त्यात हात घालून बघू लागले. हाताला वारा लागला की ओशाळून मागे सरत होते. बाबांना कुणीतरी म्हणालं, आता करा की हात वर; पण बाबा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचले होते.

आई खुर्चीत बसली होती, सुजलेला पाय पुढे करून. "रिक्षा बोलाव. दवाखान्यात जाऊ. आणि आधी ती गोळी दे."

मिस्त्रीनं खिशातून गोळी काढली. एका भाविकानं सवयीनं आपली भरलेली बाटली पुढे केली.

"ती नको," आई म्हणाली. "पाणी घरून आण."