चरात उतरलेली गाडी

मी एक जुनी गाडी आहे. गोल्फच्या मैदानावर चालवतात तसली, विजेवरची, छोटी आणि बिनगिअरची. गोल्फ मात्र मी जन्मात पाहिला नाही. मी पाहिली ती मारामारी. मित्रांनो, माझी हकीकत ऐकून कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या, कारण मला ती गोड करून सांगता येत नाही.

माझी उमेदीची वर्षं चितेगावच्या एका कंपनीच्या आवारात गेली. पाहुण्यांना फाटकापासून कारखान्यापर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच माझं काम. पांढरंशुभ्र अंग, बुटकी ठेवण आणि सीटखाली आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. दर सोमवारी मला पुसायचे, बॅटऱ्यांतलं पाणी बघायचे. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. मग जास्त सीटच्या नव्या गाड्या आल्या आणि माझी रवानगी पत्र्याच्या शेडमध्ये झाली. तिथं उंदरांनी वायरी कुरतडल्या. कुणीतरी आरसे उपटून नेले. भंगाराच्या लिलावादिवशी दोघांनी पहारी घालून माझी जाम झालेली चाकं सोडवली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मार कशाला म्हणतात.

त्या लिलावात मला आवडाबाईंनी घेतलं. त्यांचा भाऊ सुदर्शन त्याच कंपनीत कामाला होता, त्यानं माझी खबर दिली होती. आवडाबाई देवगाव रंगारीच्या. उजवा गुडघा वाकत नव्हता, हातात काठी. त्यांनी मला तिथूनच मोहियोद्दीनभाईंच्या गॅरेजवर नेलं. पैठण रस्त्याच्या कडेला भाई आणि त्यांची मुलगी मुनिरा बॅटरीवरच्या गाड्या दुरुस्त करत.

"भाई, मला सैरसपाट्याला गाडी नको," आवडाबाई म्हणाल्या. "आमच्या शिवराजनं रस्त्यात चर खांदलाय, गुडघ्याएवढा. तो वलांडायचाय. रोज."

"रोज कशाला, बाई? महिन्यातनं दोनदा जावा की."

"वहिवाट मोडली की रस्ता मोडला, भाई. चार महिने कुणी गेलं नाय तर तो नांगर घालंल आन म्हणंल, हितं रस्ता व्हताच कवा?"

मग सगळं बाहेर आलं. शिवराज हा त्यांचा सख्खा पुतण्या. आवडाबाईंचं तीन एकर अद्रकाचं रान त्याच्या शेताच्या पलीकडं. मधून जाणारी वाट त्यांचे पती कारभारी यांच्या बापापासूनची. कारभारी वारले आणि शिवराजला ती वाट डोळ्यांत खुपू लागली. गेल्या दिवाळीत आवडाबाई वाटेत आडव्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यांचा गुडघा फोडला. तहसिलीत अर्ज पडून होता. शिवराजच्या धाकानं गावातला एकही ट्रॅक्टर भाड्यानं यायला तयार नव्हता. बैल जुंपणं त्यांना एकटीला झेपत नव्हतं. चालवायला सोपी आणि एका पायाच्या पेडलवर पळणारी अशी मीच उरले होते.

मला उंच करायचं ठरलं. मित्रांनो, उंच होणं तुम्हाला मजेचं वाटत असेल. मला उलटं टांगलं, गॅस कटरनं माझ्या पोटाखालचं लोखंड कापलं, नवे खांब जोडले, घण घालून सांधे बसवले. मी अर्धा फूट वर उचलले गेले आणि माझ्या लहानशा चाकांच्या जागी जाडजूड, दातेरी टायर आले. आरशात पाहिलं असतं तर माझीच मला भीती वाटली असती.

पण भाईंनी एक घोळ केला. सहांपैकी दोन बॅटऱ्या मेल्या होत्या, तेवढ्याच बदलल्या. चार जुन्या तशाच ठेवल्या. सपाट रस्त्यावर मी झकास पळाले, म्हणून मला टेम्पोत घालून देवगाव रंगारीला पोचवण्यात आलं.

तिसऱ्याच दिवशी चरात उतरून वर चढताना माझा दम सुटला. मोठे टायर फिरवायला मोटर दुप्पट वीज मागत होती. जुन्या बॅटऱ्या ती देईनात आणि बारीक वायरी तापून वास मारू लागल्या. मी मधेच, तोंड वर करून थांबले. समोरून शिवराज पहार घेऊन आला.

"काकू, उतर खाली."

"नाय उतरत."

त्यानं पहिल्या घावात माझा उजवा दिवा फोडला, दुसऱ्यात डावा. तिसऱ्यात समोरची काच गेली आणि तिचे तुकडे आवडाबाईंच्या कपाळात शिरले. छताचा दांडा त्यानं वाकवला, माझा बाजूचा पत्रा चेचून काढला. आवडाबाईंच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं, पण दोन्ही हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत. "मार अजून," त्या म्हणत होत्या, "मी हाय हितंच." अखेर त्याचाच हात दुखला आणि तो शिव्या देत निघून गेला. संध्याकाळी शेजारच्या साळूबाईंनी आपले बैल लावून मला घरी ओढून आणलं. मला माराचं काही नव्हतं. मी कमी पडले, याची लाज वाटत होती.

मला पुन्हा गॅरेजवर आणलं, तेव्हा मुनिरा वडिलांवर उखडली.

"अब्बा, चार थकल्या बैलांत दोन तरणे जुंपले तर तरणेपण मरणार ना?"

"अरे बेटा, चल तो रही थी!"

"सपाटीवर चालत होती. यांना चर ओलांडायचाय."

भाई तोंड फुगवून चहाला गेले आणि मुनिरानं मला हातात घेतलं. तिनं सहाच्या सहा बॅटऱ्या एकाच दिवशी, एकाच जातीच्या बसवल्या. बारीक वायरी कापून बोटभर जाडीच्या केबल टाकल्या. जास्त वीज सोसणारा कंट्रोलर लावला. मागची सीट आणि वाकलेलं छत काढून फेकलं, म्हणजे तेवढं ओझं कमी. चाकाला घासत राहणारे ब्रेक सैल केले, टायरात हवा पुरती भरली. मग आवडाबाईंना समोर बसवून बजावलं.

"मावशी, रोज रानातून आल्यावर लगेच चार्जिंगला लावायची. अर्ध्याखाली उतरू द्यायची नाही. चार्जिंग झालं की बॅटरीचंच डिस्टिल्ड पाणी घालायचं, पिण्याच्या जारचं नाही. आणि चार्जिंगला लावताना सीट उघडी, खोलीचं दार उघडं. बॅटरीतून गॅस निघतो. जवळ बिडी नाही, काडी नाही."

"आमच्या घरात बिडी कोण वढतंय?" आवडाबाई म्हणाल्या.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. मी रोज चरात उतरत होते आणि गुरगुरत वर चढत होते. अद्रकाची दोन पोती पाठीवर असली तरी चढत होते. एकदा शिवराज मुद्दाम वाटेत उभा राहिला. आवडाबाईंनी पेडलवरून पाय काढला नाही. शेवटच्या हातभर अंतरावर तो बाजूला उडी मारून काटेरी कुंपणात पडला. खोटं कशाला सांगू, तो उडी मारायला चुकला असता तर मला वाईट वाटलं नसतं. इतकी मी बदलले होते.

त्यानं सूड म्हणून एका दुपारी अंगणात येऊन माझी चार्जिंगची वायर तोडली. नवी वायर आणावी लागली. तेव्हापासून आवडाबाई धास्तावल्या. त्या मला कोठीच्या खोलीत घालून, सीट बंद करून, दाराला कुलूप लावून चार्जिंगला लावू लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण मला हॉर्नशिवाय आवाज नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा असते. आवडाबाईंनी विळे, खुरपी, कुदळ धुऊन पाटावर मांडली आणि मग ताम्हन घेऊन कोठीत, रात्रभर चार्जिंगवर असलेल्या माझ्याकडं आल्या. मला झेंडूची माळ घातली, टायरांना हळदकुंकू लावलं. "खरा जोर तर हितं हाय," असं म्हणून त्यांनी सीट उचलली आणि जळतं निरांजन बॅटऱ्यांवरून ओवाळलं. बिडी आणि काडी यांची मनाई त्यांना तोंडपाठ होती. देवाचा दिवासुद्धा आगच असतो, हे त्यांच्या मनातच आलं नाही.

सीटखाली साठलेला गॅस एका क्षणात पेटला. माझी एक बॅटरी बॉम्बसारखी फुटली. झाकणाचे तुकडे खोलीच्या पत्र्यातून आरपार गेले. आतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, उडालं आणि आवडाबाई दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली कोसळल्या. त्यांची किंकाळी अजून माझ्या पत्र्यात आहे. साळूबाई धावत आल्या, हाताशी होती ती एक कळशी त्यांनी चेहऱ्यावर ओतली आणि मग सगळे दवाखान्याच्या गाडीची वाट बघत बसले. उजवा डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, पाणी अर्धा तास ओतत राहिले असते तर कदाचित वाचला असता.

मित्रांनो, त्यांनी मला घरात घेतलं आणि मी त्यांचा डोळा घेतला, असं मला वाटत राहिलं.

दोन महिने वाटेवर कुणी गेलं नाही. शिवराजनं जेसीबी आणून चर कंबरभर खोल केला आणि कडेला नांगर आणून ठेवला. ते कळताच आवडाबाई डोळ्यावरच्या पट्टीसकट उठल्या. त्यांनी मुनिराला बोलावून घेतलं. बाकीच्या पाच बॅटऱ्या अजून नव्यासारख्याच होत्या, म्हणून तिनं त्याच जातीची सहावी बसवली, केबल तपासल्या आणि आम्ही तिघी निघालो.

चराच्या काठावर मुनिरा म्हणाली, "मावशी, हा गाडीचा चर नाही. परत फिरू."

"आज परत फिरले तर उद्या नांगर फिरंल. तू उतर, पोरी."

मुनिरा उतरली. आवडाबाईंनी पेडल तळापर्यंत दाबलं. मी माझ्यात होती तेवढी सगळी वीज मोटरला दिली. खाली कोसळले, समोरची भिंत छातीनं फोडली, पुढची चाकं काठावर चढलीसुद्धा. मग मागची माती सरकली, पुढचा आस कडकन मोडला आणि मी आडवी चरात पडले. आवडाबाई बाहेर फेकल्या गेल्या. सीट उडून बॅटऱ्या उघड्या पडल्या.

शिवराज धावत आला. "आज ह्या गाडीचा जीवच घेतो," म्हणत त्यानं पहार उचलली आणि थेट माझ्या बॅटऱ्यांवर हाणली.

पहार बॅटऱ्यांच्या दोन उघड्या टोकांवर, केबल जोडतात तिथं, आडवी पडली. अख्ख्या सहा बॅटऱ्यांचा जोर त्या लोखंडातून गेला. डोळे दिपवणारा जाळ झाला, पहार लाल होऊन चिकटली, एक बॅटरी तडकली आणि तेजाब शिवराजच्या कोपरापर्यंत उडालं. तो गुरासारखा ओरडत चरात लोळू लागला. मला आनंद झाला, हे मी कबूल करते.

आवडाबाईंना झाला नाही. तोंडातून रक्त येत असताना त्या रांगत त्याच्याकडं गेल्या आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन त्याच्या हातावर रिकामा केला. "मुनिरा, त्याच्या ठिबकचा व्हॉल्व्ह सोड! नळी वढ हितं!" पाणी आलं. शिवराज हात मागं घ्यायला लागला, तशी त्यांनी त्याच्या मनगटाला घट्ट धरलं.

"हात म्होरं कर, मुडद्या. अर्धा तास हालायचं नाय. माझ्या डोळ्याला एवढं पाणी मिळालं नाय."

त्या अर्धा तास मोजत तशाच बसून राहिल्या. चरात चिखल झाला. शिवराज लेकरासारखा रडत होता.

त्याचा हात वाचला, पण बोटं अजून पुरती मिटत नाहीत. तो सुधारला असं मी म्हणणार नाही. त्याचा धाक सरला आणि चार दिवसांनी गावातली माणसं माती आणि दगड घेऊन आली, तेव्हा तो बांधावर नुसता बसून राहिला, आडवा आला नाही, एवढंच. मुनिरानं माझ्या चांगल्या बॅटऱ्या, मोटर आणि केबल आधीच काढून घेतल्या होत्या. माझा सांगाडा उचलला असता तर चर भरायला तेवढीच माती जास्त लागली असती. आवडाबाई म्हणाल्या, "राहू द्या तिला तिथंच." माझ्यावर दगड रचले, मुरूम टाकला, धुमसानं ठोकून वाट सपाट केली.

मित्रांनो, तुमच्या घरी बॅटरीची गाडी असेल तर चार्जिंगला लावताना ती मोकळ्या हवेत ठेवा आणि तिच्याजवळ देवाचाही दिवा नेऊ नका. तेजाब उडालं तर पाणी ओता, आणि थांबू नका. मला एवढंच सांगायचं होतं. आता रोज सकाळी एक दुसरी, बुटकी गाडी माझ्या बॅटऱ्यांवर चालत येते. तिला उंच करावं लागलं नाही. आवडाबाई माझ्यावर आल्या की गाडी हळू करतात, आणि पलीकडं अद्रकाच्या रानात जातात.