आईला आवडतं तसं घर

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण बंटीच्या हौसेला ब्रेकही नव्हता. शहापूरच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी त्याने शनिवार-रविवारसाठी घर घेतलं, चांगलं फरशीचं, ओट्याचं, आणि तीन महिन्यांत ते पार जुनं करून टाकलं. आधी फरशी उखडून मातीची जमीन केली आणि शेणाने सारवून घेतली. मग ओटा फोडून तिथे चूल घातली. गॅस नाहीच. ट्यूबलाइट उतरवून कंदील टांगले, आणि धसईला कुणाच्या तरी गोठ्यात पडलेलं जातं टेम्पोत घालून आणलं.

हे सगळं आईसाठी.

त्याची आई, लक्ष्मीबाई, अडतीस वर्षं नर्सबाई होत्या. लसीचा डबा घेऊन मुरबाडच्या पाड्यापाड्यांत हिंडून त्यांनी गुडघे झिजवले, नवरा गेल्यावर एकटीने पोराला इंजिनिअर केलं आणि रिटायर झाल्यावर आसनगावला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. लिफ्ट, तीन शेगड्यांचा गॅस, घरात नळ. त्या नळाखाली हात धरून बाई कधीकधी उगाचच उभ्या राहत. त्या फ्लॅटला बंटीने परवा भाडेकरू बघून ठेवला. सोमवारपासून आईने इथे राहायचं, आणि दर शनिवारी सगळ्यांनी चुलीवरची भाकरी खायला यायचं, असं ठरलं. म्हणजे त्याने ठरवलं.

"अगदी तुझ्या गावासारखं झालंय का नाय, आई?"

"झालंय रे बाबा." दुसरं काय म्हणणार? झालंच होतं तसं, हुबेहूब. तेच तर दुखणं होतं.

आणि दोष कुणाला द्यायचा? लहानपणी बंटी गोष्ट सांगितल्याशिवाय घास गिळत नसे, आणि बाईंकडे गोष्टी होत्या त्या फक्त आपल्या गावच्या. त्या त्यांनी सुपात घालून पाखडल्या, खडे काढले, तांदूळ तेवढे पोराला दिले. चुलीवर भाकरी कशी टम्म फुगायची ते सांगितलं. धुराने आपल्या आयचे डोळे गेले ते गाळलं. जात्यावरच्या ओव्या सांगितल्या. ते जातं दुसऱ्याच्या पडवीत होतं आणि आय तिथे पहाटे दळायला जायची, ते गाळलं. आता त्या गोष्टी मातीविटांत बांधून पोराने समोर उभ्या केल्या होत्या, आणि त्यात त्यांना राहायला सांगत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

शनिवारी बंटीचा मित्र अमोल घर बघायला आला. बाई चुलीपुढे बसल्या, म्हणजे गुडघ्यांची मिनतवारी करून कशाबशा टेकल्या. लाकडं ओली होती. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं.

"आई, उठा, मी करते," सून मेघा म्हणाली.

"अगं राहू दे," बंटी कौतुकाने म्हणाला, "तिला ह्यातच आनंद आहे."

मेघाने सासूकडे पाहिलं. सासूने तवा पुसायला घेतला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा, आणि मारणारा मायेने मारत होता. रागवायचीही सोय नव्हती.

दुसरी भाकरी तव्यावर पडली तेवढ्यात बंटी आईचा हात धरून म्हणाला, "मेघा, तवा बघ जरा. आई, तू चल. तुला अजून एक दाखवायचंय."

सुदाम गवंड्याने पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या बांधल्या होत्या, ऐसपैस. बंटी तिथे थांबला नाही. करवंदीच्या जाळीला वळसा घालून तो आईला खालच्या अंगाला घेऊन गेला, अमोल फोन काढून मागोमाग. तिथे एकटीच एक पायरी होती, अनघड दगडाची.

"ही फक्त तुझी! तू नाय का सांगायचीस, गावाचा घाट वर आणि आपली जागा वेगळी, खाली, एकदम खास? उभी राहा ना, अमोल फोटो काढतोय."

लक्ष्मीबाई पायरीपासून मागे सरकल्या. सात वर्षांच्या असताना त्यांनी एकदा वरच्या घाटावर कळशी बुडवली होती. वरच्या बायकांनी कळशी दगडावर आपटून चेपवली, आणि बाप त्या बायकांपुढे हात जोडून उभा राहिला. बंटीला हे माहीत नव्हतं. तसं त्याला सगळं माहीत होतं. दर चौदा एप्रिलला तो सोसायटीत महाडच्या तळ्यावर अर्धा तास बोलायचा, आणि चांगलं बोलायचा. पण तो इतिहास होता आणि ही आईची गोष्ट होती. दोन्ही एकच, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"नाय," बाई म्हणाल्या. "मी नाय उभी राहणार. ती जागा खास नव्हती, बंटी. आमच्या हातानं त्यांचं पाणी बाटायचं, म्हणून आमाला खाली हाकललेलं होतं."

अमोलने फोन खाली घेतला.

"पण तू तर हसत सांगायचीस," बंटी म्हणाला.

"चार वर्षांचा होतास रे. तुला काय सांगू?"

वरच्या पायऱ्यांची डागडुजी करत असलेल्या सुदामला बंटीने हाक मारली, पायरी आत्ताच्या आत्ता फोड म्हणाला. तो खाली बसला. मग मान वळवून त्याने वरच्या घराकडे पाहिलं.

"आणि बाकीचं? चूल, जातं... ते तरी खरं होतं ना, आई?"

बाईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. एवढं एक बोललं की झालं, सोमवारी आसनगाव. त्यांनी पोराच्या तोंडाकडे पाहिलं. दाढीत पांढरे केस, आणि घास तोंडात तसाच धरून गोष्टीची वाट बघणारे तेच डोळे.

"खरं होतं रे," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "ते सगळं खरं होतं."

बंटीने डोळे पुसले. बाई एकेक पायरी चढून घरात गेल्या. मेघाच्या हातातली फुंकणी त्यांनी काढून घेतली आणि चुलीपुढे बसल्या.