अन्नपूर्णेखालचे तांदूळ

क्वीन्सलँडच्या सीमेवरच्या गुंडीविंडीच्या अलीकडे गाड्यांची रांग दिसली, तसा चित्राने मांडीवरचा स्टीलचा डबा पोटाशी ओढला. डब्यात वाटीभर तांदूळ, तांदळावर अन्नपूर्णा. ग्लेन वेव्हर्लीचं घर रिकामं करताना बाकीचे देव तिने खोक्यात भरले होते, ही मात्र दोन दिवस तिच्या मांडीवर बसून आली. भक्तीबिक्ती काही नाही. तांदळात एक किल्ली होती आणि ती नवऱ्याच्या, हृषिकेशच्या हाती लागू नये म्हणून चित्राचा जीव टांगणीला लागला होता.

मागे डिकीत दोन कुलूपबंद डबे होते. एकात हृषिकेशचं पिस्तूल, दुसऱ्यात गोळ्या. कायद्याने वेगळं ठेवायचं, म्हणून वेगळं. शनिवारी क्लबात जाऊन कागदाच्या चकतीवर नेम धरायचा, एवढाच त्याचा शौक. माणूस नियमाला पक्का. लायसन्स, क्लबचं पत्र, क्वीन्सलँडची परवानगी, सगळं फोल्डरमध्ये ओळीने लावलेलं. विकून टाक म्हणून तिने किती विनवलं, पण तो ऐकेना. रिकाम्या घरात मागे ठेवता येत नाही म्हणाला, आणि तेही खरंच होतं.

जूनमध्ये त्याची नोकरी गेली, पाठोपाठ लॉकडाऊन. आधी बोलणं आटलं, मग जेवण. सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता तो म्हणाला, "मी नसलो तर तू विनिताकडे जा हं." विनिता म्हणजे चित्राची धाकटी बहीण, ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्सला राहणारी. तो कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला गेला तेवढ्यात तिने ड्रॉवरमधली गोळ्यांच्या डब्याची किल्ली उचलली आणि अन्नपूर्णेखाली खुपसली.

डॉक्टरला सांगावं हे तिला कळत नव्हतं थोडंच? पण सिटिझनशिपचा अर्ज आत होता. कुठे नोंद झाली, कागद अडला आणि बारा वर्षं पाण्यात गेली तर? आपल्या माणसांना जिवापेक्षा फाइल जपायची सवय, मेली. चित्राने दोन्ही जपलं, आणि तीन महिने धड झोपली नाही. आता भाडं परवडेना, म्हणून खरोखरच विनिताकडे निघाले होते.

मास्क लावलेली पोलीसबाई खिडकीशी आली. तिने दोघांचे बॉर्डर पास बघितले, वाटेत सिडनीला गेला होतात का विचारलं, तिथे साथ पुन्हा वाढली होती. हृषिकेशने पेट्रोलच्या पावत्या दाखवल्या. जा म्हणणार इतक्यात, कुणी विचारलेलं नसताना, त्याने डिकीत पिस्तूल आहे म्हणून सांगितलं. हा असाच.

गाडी बाजूला घ्यायला लागली. पिस्तुलावरचा नंबर कागदाशी जुळला. मग बाईने दुसऱ्या डब्याकडे बोट दाखवलं. हृषिकेशने जुडगा चाचपला, खिसे चाचपले. याची किल्ली ड्रॉवरमध्ये असायची, असं काहीसं पुटपुटला.

ऊन नुसतं भाजत होतं. बाई थांबून राहिली. चित्राचा नाइलाज झाला. तिने अन्नपूर्णा उचलली, तांदळात बोटं घातली आणि किल्ली बाहेर काढली. हृषिकेशने आधी किल्लीकडे पाहिलं, मग तांदळाकडे, मग तिच्याकडे. त्याला सगळं कळलं. चित्राने मान खाली घातली.

गोळ्यांचा डबा उघडला. आत एकही गोळी नव्हती. होता तो घडी घातलेला एक कागद. बाईने वाचला, नो वरीज म्हणाली आणि चित्राच्या हातात दिला. पोलीस स्टेशनची पावती होती. पन्नास गोळ्या, स्वखुशीने जमा. तारीख तीन ऑगस्ट. चित्राने किल्ली लपवली त्याच्या महिनाभर आधीची.

पुढे गेल्यावर हृषिकेशने एका झाडाखाली गाडी उभी केली.

"सांगायचं नाहीस का?" चित्राने विचारलं.

"तू घाबरली असतीस."

यावर हसावं की रडावं तिला कळेना. घाबरायची काय बाकी राहिली होती? तीन महिने ती रिकाम्या डब्याची राखण करत बसली होती.

"मला माझीच भीती वाटत होती," तो म्हणाला. "अजून वाटते."

"पोचलो की आधी डॉक्टरकडे. फाइल गेली खड्ड्यात."

त्याने जुडग्यातून पिस्तुलाच्या डब्याची किल्ली सोडवली. ती त्याच्याचजवळ असायला हवी, असा नियम. रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देणारा माणूस तो.

"ही पण तांदळात ठेव."

चित्राने अन्नपूर्णा उचलून धरली. किल्ली त्याने स्वतःच्या हाताने खाली खुपसली.