नळीत शिरलेलं पाणी

मी एक जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. मित्रांनो, तुम्ही मोटारीत बसता तेव्हा मी तुमच्या पायांखालीच असतो, पण माझी आठवण कुणाला येत नाही. आली, तर गाडी बंद पडली असं समजा. स्वभावाने मी जरा घाबरट आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे.

कारखान्यातून निघालो तो आम्रपालीताईंच्या गाडीतून पुण्यात आलो. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ताईंच्या डाव्या पायात जोर नाही. त्यांना क्लच दाबता येत नाही. ते काम मी करायचो. ऑफिस, मंडई, आईचा दवाखाना, सगळीकडे ताई स्वतः गाडी चालवत जायच्या. "हा आहे म्हणून मला कुणाची वाट बघावी लागत नाही," असं त्या मैत्रिणींना सांगायच्या, तेव्हा मी मनातून फुलून जायचो. पण कुणीतरी त्यांना सांगितलं, की ह्याचं तेल कधी बदलावंच लागत नाही. झालं! तेल काळं पडत गेलं, आतल्या क्लचच्या चकत्या करपल्या, आणि कात्रजच्या चढावर मी मान टाकली.

नाना पेठेतल्या गॅरेजवाल्या नियाजभाईंनी मला खोललं, धुतलं, नव्या चकत्या घातल्या. आता फक्त गाडीत परत बसायचं होतं. पण दसरा उद्यावर आलेला, आणि दसऱ्याच्या तोंडावर मळकी गाडी द्यायची नाही ही गॅरेजची रीत. नियाजभाईंचा गॅरेजमधला जोडीदार सुखदेव सकाळीच पाइप घेऊन बॉनेटखालची जागा धुऊ लागला. मी बाकावरून बघत होतो आणि माझा जीव खालीवर होत होता. गाडीच्या पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये, माझं तेल गार व्हायला जातं. त्यासाठी एक नळी जायला, एक यायला. दोन्ही नळ्या तेव्हा सुट्या लोंबत होत्या, तोंडात नुसते फडक्याचे बोळे. पाण्याच्या जोराने एक बोळा निसटून खाली पडला. सुखदेवने इकडेतिकडे पाहिलं, बोळा उचलला आणि परत कोंबला.

मित्रांनो, मला पाणी अजिबात चालत नाही. ते तेलात मिसळलं की चकत्यांवरचा थर सुटतो, आणि नवा केलेला गिअरबॉक्ससुद्धा भंगारात जातो. मला ओरडायचं होतं. पण मला तोंड कुठलं?

दुपारी मला जॅकवर घेऊन गाडीखाली नेलं. इंजिनाची ताकद माझ्याकडे आणणारा, माझ्या पुढचा गोल कन्व्हर्टर नीट आत बसल्याची खात्री होईपर्यंत नियाजभाईंनी मला इंजिनाला टेकू दिलं नाही. एवढा काळजी घेणारा माणूस, पण सकाळचं त्यांना काय ठाऊक! तेवढ्यात ताई काठी टेकत आल्या. दसऱ्यालाच धम्मचक्र प्रवर्तन दिन. आईला घेऊन त्यांना देहू रोडच्या विहारात जायचं होतं.

"नियाजभाई, गाडी ह्याच दसऱ्यासाठी मिळणार ना?"

"ताई, दोन नळ्या जोडल्या की झालंच. सुखदेव, धुताना बोळे जागेवर होते ना?"

"होते की."

माझा उरलासुरला धीर सुटला. नियाजभाईंनी पहिल्या नळीचा नट आवळला. दुसऱ्या नळीला हात घातला. सुखदेव पाना घेऊन तसाच उभा होता.

"थांबा, नियाजभाई. एक निसटला होता. मीच परत लावला. गाडी चकचकीत दिसावी म्हणून धुतली हो."

नियाजभाईंनी पहिल्या नळीचा नट सोडला, तिच्यातून हवा मारली. दुसऱ्या नळीच्या तोंडाखाली धरलेल्या घमेल्यात तेल आलं आणि मागोमाग पाणी.

"जाळी, नळ्या आतून साफ करून वाळवायला हव्यात. उद्या गॅरेज बंद. गाडी परवा मिळेल, ताई."

ताईंचा चेहरा पडला. सुखदेव खाली बघत राहिला.

"उद्या रिक्षा करू," ताई म्हणाल्या. "सुखदेव, बोललात ते बरं झालं. हायवेवर गाडी बंद पडली असती, तर आईला घेऊन मी कुठवर चालले असते?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी खरंच धावलो, तांबडं स्वच्छ तेल पोटात घेऊन. ताई शेजारी आईला बसवून गाडी चालवत होत्या. मित्रांनो, आमचं तेल वेळच्या वेळी बदला. आणि हातून काही चुकलं, तर शेवटचा नट आवळायच्या आधी सांगून टाका. आम्हाला ते कळतं, पण सांगता येत नाही.