धाकूचा नेम

हातखंब्याजवळच्या वाडीत सलग तिसरं रानडुक्कर धाकूच्या बंदुकीसमोरून जिवंत निघून गेलं, तेव्हा लोक म्हणाले, देवीचा कोप. धाकूनं कौल लावला, नारळ दिला. चौथंही हुकलं. भात लोंबीला आलं होतं आणि डुकरं रोज एक कुणगा, शेताचा एखादा तुकडा, लोळवत होती.

बंदूक बागायतदार आत्मारामभाऊंची. खालचा दांडा ओढला की पुढचं काडतूस वर चढवणारी. भाऊंनी धाकूला अंगणात बोलावून स्पष्ट सांगितलं, "आता एक हाकणी. एकदाच रान उठवायचं. ती हुकली तर बंदूक दुसऱ्याच्या हाती."

"डुक्कर लख्ख दिसतं, भाऊ. नळीच्या टोकाची नेमाची माशीपण दिसते. ती जिच्यात धरायची, ती डोल्याजवलची खाचच धुरकट होते."

भाऊंनी त्याला आपली चाळिशी लावून पाहिली. खाच स्पष्ट झाली. समोरचा आंबा धुक्यात गेला. मग त्यांनी मुंबईच्या दुकानाचा कॅटलॉग उघडला आणि आकडे कोरलेल्या खाचेच्या पट्टीवर बोट ठेवलं. "साहेबलोक हीच लावतात. तीनशे यार्ड!"

"आमच्या रानात तीस पावलांवर करवंदीची जाली. तीनशे यार्ड कुठनं आणू?"

पलीकडे धाकूची बायको मालन भाऊंकडच्या पत्रावळी लावत होती. तिनं भोक पडलेलं पान डोळ्याशी धरलं होतं.

"काय करतंस गो?" धाकूनं विचारलं.

"पानाला चोयची काडी टोचायची तर टोक दिसत नाय. भोकातनं दिसतं. चार म्हैने हेच चाललंय. तुमचं ध्यान डुकरात!"

धाकूनं पान घेतलं, रिकामी बंदूक खांद्याला लावली आणि भोकातून पाहिलं. माशी रेखीव, आंबाही स्वच्छ. खाचेकडे बघायची गरजच उरली नाही.

"भाऊ, असलं भोकाचं काय हाय त्या पुस्तकात?"

शेवटच्या पानावर होतं: डोळ्याजवळ बसणारं, बारीक भोकाचं पोलादी कडं. भाऊ हसले. "आम्ही मोठे शहाणे!" त्यांनी लगेच पत्र लिहिलं.

बाराव्या दिवशी कडं आलं. रत्नागिरीच्या कारागिरानं ते बसवलं. धाकूनं करवंटीवर पाच गोळ्या झाडून नेम जुळवला.

हाकणीला डुक्कर वहाळाचं पाणी ओलांडून आलं. एकच बार झाला.

मटणाच्या वाटणीला गावकार पुकारू लागला, "मारणाऱ्याचा वाटा, धाकू..."

"मालनचं नाव घ्या."

"बाईच्या नावानं? रीत नाय, बाबा."

"तिच्यापायी बंदूक हातात ऱ्हायली. घ्या नाव."

लोक हसले. गावकारानं क्षणभर डोकं खाजवलं, मग खणखणीत आवाजात नाव पुकारलं. पदर तोंडाला लावून मालन पुढे आली, वाटा उचलू लागली.

"उभे काय ऱ्हायलात? जड हाय. धरा एका बाजूनं!"