बिनदाण्याचं जेवण

दिवाळीनंतर आईनं दाणा सोडला. आप्पा वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी होते. भरल्या गोणीखाली त्यांची कंबर गेली, तेव्हा आई पालीच्या खंडोबाला बोलली की हे परत गोणी उचलतील त्याच दिवशी मी भाकरी खाईन. तोवर ज्वारी, गहू, तांदूळ, डाळी, सगळं बंद. उपासाला चालणारी वरीसुद्धा बंद. शेंगदाणे तेवढे चालत.

"नावातच दाणा हाय की त्याच्या," आप्पा म्हणाले होते.

"ती शेंग हाय," आई म्हणाली होती.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं शेंगदाणा डाळींच्याच कुळातला. हे मी तिला सांगितलं नाही.

आता पौष चालू होता. आप्पा घरी बसल्यापासून आई त्याच बाजारात कांदे निवडायला जात होती. सकाळी आम्हा दोघांच्या भाकऱ्या थापायची, स्वतः चहा आणि केळं घेऊन निघायची. संध्याकाळी कोपरखैरण्यातल्या आमच्या खोलीत परत आली की उंबऱ्याला टेकून बसायची आणि बराच वेळ चप्पलसुद्धा काढायची नाही. मागच्या आठवड्यात नळावर तिला चक्कर आली. हंडा वाचला, कोपर सोलवटलं. तिच्या ब्लाउजच्या बाह्या आता दंडावर सैल लोंबत होत्या.

आणि या नवसाला शेवटच नव्हता. डॉक्टरांनी मला आणि आप्पांना समोर बसवून सांगितलं होतं की मणक्यातली चकती सरकली आहे, चालणं-बसणं जमेल, ओझं मात्र यापुढे कधीच उचलायचं नाही. दवाखान्याबाहेर आप्पा एवढंच म्हणाले होते, "तिला मी सांगेन." त्यानंतर त्यांनी दाराआडच्या खिळ्यावरचा आपला आकडा, ज्यानं गोणी ओढून पाठीवर घेतात तो, टोळीतल्या जोतीरामकाकांना देऊन टाकला. आईला वाटलं, उसना दिलाय.

त्या रविवारी जोतीरामकाकांनी पिशवीभर रताळी आणून दिली, सडपातळ, लाल सालीची. मी तुर्भ्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथल्या एका मासिकात रताळी भाजून, पोखरून, सारण भरून पुन्हा भाजायची कृती वाचली होती. त्यातले मटार आणि पावाचा चुरा मी वगळला. दूध फाडून पनीर करायचं, दाण्याचं कूट, मिरची, जिरं, लिंबू घालायचं. आईच्या पोटात थोडी प्रथिनं जावीत, एवढाच हेतू. त्या रात्री आम्ही तिघांनी एकच जेवायचं, निदान एक दिवस तिनं दुसऱ्यांसाठी भाकऱ्या थापू नयेत, असं मी ठरवलं.

ओव्हन बोनकोडे गावातल्या ओळखीच्या गोजराबाईंकडून आणला. गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेचा डोळा असलेला. गोजराबाईंनी तो माळ्यावरून काढून दिला आणि हसल्या.

"रताली भाजाला ओव्हन कशाला गो? माजी चूल हाय ना मागं."

चूल चालली असती. पण मला आच कमी ठेवून पाहायचं होतं. रताळं सावकाश तापलं तर त्यातल्या पिष्टाची साखर व्हायला वेळ मिळतो. कुकरमध्ये तो मिळत नाही, म्हणून उकडलेलं रताळं भाजलेल्याइतकं गोड लागत नाही.

आईनं ओव्हन पाहिला आणि पहिलं विचारलं, यात आधी काय केलं होतं. नानकटाई, मी म्हणाले. मग तिनं ते भांडं स्वतः राखेनं घासलं, तीन पाण्यांनी धुतलं, कडेच्या पन्हाळीत काडी घालून घालून कोरडं केलं. पिठाचा कणही नको होता तिला. हे करून ती इतकी दमली की भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

रताळी तासाभरानं मऊ झाली. सालीला डिंकासारखा काळा पाक सुटला होता. मी ती उभी चिरली, चमच्यानं गर काढला. आप्पा कमरेचा पट्टा बांधून भिंतीला टेकून बसले होते आणि भाजलेल्या दाण्यांची सालं चोळून काढत होते. दिवसभर त्यांना तेवढंच काम मिळालं होतं. मी कोथिंबीर धुवायला मोरीत गेले. परत आले तेव्हा सारण कालवून तयार होतं आणि खोलीत हिंगाचा वास होता.

"रताळ्यानं वारा धरतो," आप्पा म्हणाले. "तिचं पोट रिकामं असतं."

नवस दाण्याचा होता, हिंग चालत होता. पण हाताला डबी लागली की वाचायची सवय मला प्रयोगशाळेनं लावली होती. बारीक अक्षरांत लिहिलं होतं: गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. गव्हाचं पीठ सगळ्यात आधी, म्हणजे तेच सर्वांत जास्त. मी डबी आप्पांपुढे धरली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं, आईच्या पाठीकडे पाहिलं, आणि डबी माझ्या हातून घेऊन मांडीखाली सरकवली.

दूध संपलं होतं, दाणे संपले होते. दुसरं सारण करायला घरात काही नव्हतं. मी रताळी भरली आणि पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली. आईला सांगायचं की नाही, ते मी आप्पांवर सोडलं. दुसरी एक गोष्टही त्यांच्यावरच सोडलेली होती.

ताटात भरलेली रताळी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. आईनं पहिला घास बराच वेळ चावला. मग दुसरा पटकन घेतला. मी तिला इतक्या आवडीनं खाताना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. अर्धं रताळं संपल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा रंग आला आणि ती सावकाश बोलायला लागली. काल कांद्याच्या ढिगाशी बसल्या बसल्या तिला वाटलं होतं, आता फार दिवस राहिले नाहीत, खंडोबा ऐकतोय. होळीपर्यंत हे नक्की उभे राहतील.

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला.

"तुझा नवस मोडलाय," ते म्हणाले. मांडीखालून डबी काढून त्यांनी मधे ठेवली. "ह्यात गव्हाचं पीठ असतंय. मी घातलं. नयनाला मागनं कळलं. आता मोडलाच हाय तर सोड. उद्यापास्नं भाकरी खा."

त्यांच्या आवाजात मला सुटका ऐकू आली. ती चूक त्यांना अवचित सापडलेल्या वाटेसारखी वाटली असावी.

आईनं डबी उचलली नाही. चिडली नाही, रडली नाही. तेवढंही बळ नसावं.

"मोडला तर परत धरायचा," ती म्हणाली. "उद्यापास्नं पहिल्यापासून. मीठ बी सोडते, म्हंजे चूक फिटंल."

ती ताट सरकवायला लागली. आप्पांनी ते धरलं. वाकल्यामुळे त्यांना कळ आली असणार, ओठ आवळले गेले, पण ताट सोडलं नाही.

"मी गोणी उचलणार न्हाई, वेणू. आता न्हाई आन् कधीच न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय. हिला ठाव हाय."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तिची नजर दाराआडच्या रिकाम्या खिळ्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"म्हंजे आकडा जोतीरामला कायमचाच दिला."

"व्हय."

बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. आप्पांनी अजून ताट धरलेलंच होतं. आईनं त्यांची बोटं एकेक करून काठावरून सोडवली, रागानं नव्हे, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी. ताट पुढ्यात ओढलं. उरलेलं अर्धं रताळं एव्हाना गार झालं होतं. ते तिनं खाल्लं, सालीसकट. मग ताटाला लागलेलं सारण बोटानं निपटलं. आप्पा जेवत नव्हते, तर त्यांचंही ताट त्यांच्याकडे ढकललं आणि म्हणाली, गार झाल्यावर गळ्याखाली उतरत नाही, खाऊन घ्या.

खंडोबाला काय सांगणार, असं मी विचारलं नाही. तिनंही काढलं नाही.

ती उठली, भिंतीला धरून, आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं.

"पीठ कमी हाय," ती म्हणाली. "उद्या तिघांचं थापायचं तर दळण आणावं लागंल."

मग ती अंथरुणावर आडवी झाली. पडल्या पडल्या, डोळे मिटूनच, मला म्हणाली की गोजराबाईंचा ओव्हन सकाळी आठवणीनं परत नेऊन दे, पण आधी घासून.