तक्रारीचा बाक

मी एक जुना, बुटका बाक आहे, मित्रांनो. ज्यावर बसून तुम्ही अभ्यास करता तसला ऐटबाज नाही. माझी उंची तुमच्या गुडघ्याला जेमतेम लागेल एवढी, एक पाय किंचित आखूड आणि पाठ टेकायला काही म्हणजे काही नाही. ससे विकणाऱ्या एका घराच्या मागच्या दाराशी माझा जन्म गेला. ज्यांना ससा आवडला ती माणसे तो घेऊन हसत घरी जात. माझ्यावर येऊन बसत ती तक्रारवाली. त्यामुळे माझे सगळे आयुष्य लोकांची गाऱ्हाणी ऐकण्यात गेले, आणि खरे सांगू का, आता मी फार थकलो आहे.

मला घडवले काकांनी. काका सुतार. कुणाच्या तरी मोडक्या पलंगाची फळी उरली होती, तिचा त्यांनी मला केला. ससे होते काकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे. सशांची नखे कापायला काकूंना बसायला काहीतरी हवे होते, आणि ते बुटकेच हवे होते. सशाची पाठ फार नाजूक असते. मांडीवरून त्याने उसळी मारली आणि तो उंचावरून पडला तर कायमचा अधू होतो. काकांनी मला मांडले तेव्हा काकू हसून म्हणाल्या होत्या की मोठ्या बाकाचे पैसे घेऊन छोटा दिलात. काका म्हणाले, घरच्या गिऱ्हाइकाला एवढेच परवडते.

घरामागे पत्र्याची एक शेड होती. तिच्यात जाळीचे पिंजरे, वाळलेल्या गवताचे भारे आणि पाण्याच्या उलट्या टांगलेल्या बाटल्या. पहाटे काकू पिंजरे झाडत, मग गवत, मग पाणी, मग प्रत्येक सशाला हातात घेऊन पोट, कान, दात बघत. ससा विकताना त्या गिऱ्हाइकाला सगळे समजावून सांगत. कान धरून उचलू नका. आंघोळ घालू नका. गाजर कधीतरी, गवत रोज. लोक माना डोलावत आणि फाटकाबाहेर पडता पडता विसरत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरे काय!

मग तक्रारी येत. एक बाई आल्या, सशाला लाल लघवी झाली म्हणून घाबऱ्याघुबऱ्या. आदल्या दिवशी त्याला बीट घातले होते. एक आजोबा आले, ससा स्वतःच्याच लेंड्या खातो, असला घाणेरडा प्राणी आम्हाला का दिलात? काकूंनी त्यांना सांगितले की त्या वेगळ्या मऊ लेंड्या असतात आणि त्या खाल्ल्या नाहीत तरच ससा आजारी पडतो. आजोबांना ते पटले की नाही कोण जाणे, पण त्यांनी नाकावरचा रुमाल काढला. बँकेतले एक साहेब तर टॉवेलात गुंडाळलेला ससा घेऊन रडत आले होते. ससा बसल्या बसल्या धाडकन आडवा झाला आणि गेला, असे त्यांचे म्हणणे. सुखात असलेला ससा असाच धाडकन आडवा पडतो, हे त्यांना कुठे ठाऊक! काकू काही बोलायच्या आतच सशाने टॉवेलातून डोके काढले आणि टॉवेलाची दशी कुरतडायला सुरुवात केली.

सगळ्याच तक्रारी खोट्या नसत, हेही सांगायला हवे. एकदा काकूंनी दोन बहिणी म्हणून दिलेली पिल्ले नवरा-बायको निघाली. पिल्लू लहान असताना नर की मादी हे जाणत्या माणसालाही चकवते. त्या घरात सशांचे गोकुळ झाले. काकूंनी चूक कबूल केली, एकूण एक पिल्ले परत घेतली आणि वर नराला वेगळा पिंजरा दिला.

पण बहुतेक माणसे तणतणत येत. त्यांच्या आवाजाने हातातला ससा जास्तच बिथरे, पाय झाडे, बोचकारे, आणि त्यांची तक्रार जागच्या जागी आणखी एकाने वाढे. म्हणून काकूंनी एक रीत घातली. तक्रार घेऊन कुणीही आले, की आधी माझ्यावर बसायचे. ससा मांडीवर घ्यायचा. ससा शांत होऊन डोळे मिटेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मग काय सांगायचे ते सांगा.

मित्रांनो, या रीतीने मला भाव आला! माणसे धुसफुसत बसत. सशाच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता त्यांचे खांदे खाली येत, श्वास लांब होई. सशाचे डोळे जड होत. तोवर कितीकांना काय सांगायला आलो होतो तेच आठवत नसे. परत करायला आणलेला ससा छातीशी धरून घरी नेणारी माणसे मी पाहिली आहेत. गल्लीत मला ‘काकूंचा बाक’ म्हणू लागले. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की हा बाक त्यांनी बनवला आहे, जणू काय सिंहासनच घडवले होते. मीही मनातून फुगलो होतो. वाटायचे, माझ्यावर बसले की जगातली कुठलीही कुरकुर मिटते.

त्याच गल्लीच्या टोकाला एक शिंपीदादा राहत. एकटेच. त्यांचे लहानसे दुकान आणि मागे एक खोली. त्यांनी काकूंकडून एक करडा ससा नेला होता आणि त्याचे नाव बटण ठेवले होते. बटण मशीनखाली चिंध्यांच्या ढिगावर बसून लहानाचा मोठा झाला. दादा मशीन चालवत तेव्हा तो त्यांच्या दुसऱ्या पायाला टेकून बसे. एवढ्या वर्षांत दादांनी कधी एक तक्रार केली नाही. बटणाने एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या पँटचा पाय कुरतडला, तेव्हा दादांनी स्वतः कापड आणून ती पुन्हा शिवून दिली. काकूंना ते कळले काकांकडून, तेही किती दिवसांनी. रस्त्यात भेटले की दादा फक्त एवढेच सांगत, बटण मजेत आहे.

इकडे काकू थकत चालल्या होत्या. जेवायला बसल्या की फोन. भाजी चिरायला घेतली की फोन. ससा बोलावल्यावर येत नाही. ससा सोफा कुरतडतो. ससा आमच्याकडे रागाने बघतो. काकूंचा जीव मेटाकुटीला येई. पूर्वी त्या प्रत्येकाला खोदून खोदून विचारत. खाल्ले काय, लेंड्या कशा, किती, कान गार आहेत का. आताशा त्या लांबूनच एक नजर टाकत. सशाने डोळे मिटले की झाले. शितावरून भाताची परीक्षा करायची त्यांना सवय लागली होती, आणि ती सवय मीच लावली होती म्हणा ना.

त्या दिवशी सकाळपासून माणसांची रीघ होती. संध्याकाळी एक गृहस्थ आले. बुटक्या जातीचा म्हणून नेलेला ससा मांजराएवढा झाला, असा त्यांचा दावा. काकूंनी विकतानाच त्यांना सांगितले होते की हा मोठ्या जातीचा आहे. पण गृहस्थ बसायलाच तयार नव्हते. ते गल्लीत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले की इथे लोकांना फसवतात. शेवटी सशाची पेटी दारात आपटून ते निघून गेले. काकूंनी त्या बिचाऱ्या सशाला पिंजऱ्यात ठेवले.

एवढा वेळ शिंपीदादा फाटकाशी उभे होते, छातीशी वेताची टोपली धरून. मागून आलेल्या दोघांना त्यांनी स्वतःहून पुढे जाऊ दिले होते. आता गर्दी पांगली तेव्हा ते संकोचत पुढे आले.

“काही विशेष नाही, वहिनी. बटण जरा कमी खातोय. तुम्ही दमलाय, उद्या येऊ का?”

“आलाच आहात तर बसा,” काकू म्हणाल्या आणि नळावर सशांची भांडी घासू लागल्या.

दादा माझ्यावर बसले. बटणाला त्यांनी मांडीवर घेतले. तो अंग आखडून, पाय पोटाशी घेऊन बसला आणि हळूहळू त्याने डोळे बारीक केले.

मित्रांनो, सशाचे दात दोन तऱ्हांनी वाजतात. सुखात असला की अगदी हलके, मनातल्या मनात काही चघळल्यासारखे. आणि दुखत असले की करकर, दातावर दात आवळून. दुखणारा ससाही डोळे मिटतो. तो ओरडत नाही, कण्हत नाही. रानात जो कण्हला त्याला कुणीतरी खाल्ले, एवढे त्याच्या रक्तातच आहे. बटणाची ती करकर दादांच्या मांडीतून माझ्या फळीत उतरत होती. नळाच्या आवाजात ती कुणालाच ऐकू आली नाही. मला आली. पण मी पडलो लाकूड. मी काय करणार?

काकूंनी नळावरूनच मान वळवून पाहिले.

“बघा, झोपला,” त्या म्हणाल्या. “काही नाही त्याला. रात्री ताजं गवत घाला.”

दादांचा चेहरा केवढा उजळला! ते उठले तेव्हा मी होता नव्हता तेवढा जोर करून कुरकुरलो. आतून काका म्हणाले की बाकाचा पाय एकदा ठोकायला हवा. दादा दोनदा आभार मानून टोपली घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. हातात टोपली नव्हती. काकू गवत सोडत होत्या, काका दारात दात घासत होते. दादा उभेच राहिले.

“बटण गेला पहाटे,” ते म्हणाले. “तक्रार नाही हो. तुमच्याकडून नेला होता, म्हणून सांगायला आलो. तुम्ही ‘झोपला’ म्हणालात, म्हणून मीही निवांत झोपलो. नाहीतर रात्रभर बसलोच असतो त्याच्याजवळ.”

काकूंच्या हातातली गवताची पेंढी तशीच राहिली. कालचे सगळे त्यांच्या डोळ्यांपुढे आले असणार. ते आखडलेले अंग, ते पोटाशी घेतलेले पाय. कान हाताला गार लागले असते. दोन पावले चालून त्यांनी हात लावला असता तर! एक दिवस ससा खात नसला तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे पळायचे, हे त्यांनीच शंभर जणांना सांगितले होते.

काकांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि ते लगबगीने म्हणाले की वयच झाले होते त्याचे, एवढी वर्षे जगला हेच पुष्कळ. दादांनीही मान हलवली. होय, वय झाले होते.

आता काकूंनी नुसती मान हलवली असती तरी सगळे तिथेच संपले असते. दादांना कधीच काही कळले नसते. आणि सांगायचे म्हणजे काय, कालच तो गृहस्थ गल्लीभर बोंबलून गेला होता की इथे लोकांना फसवतात. या घराची चूल काकूंच्या शब्दावर पेटत होती. काका त्यांच्याकडे बघून डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होते. मला ते स्पष्ट दिसत होते, काकूंनाही दिसत होते.

काकू माझ्यावर बसल्या.

“तो झोपला नव्हता, दादा,” त्या म्हणाल्या. “दुखत होतं त्याला. मी जवळ येऊन बघितलं नाही. काल डॉक्टरकडे नेला असता तर कदाचित वाचला असता.”

काका आत निघून गेले. शेडमध्ये एक ससा पाय आपटत होता. मला वाटले, आता दादा ओरडतील. ओरडायला हवेच होते त्यांनी. माझ्यासमोर माणसे सोफ्यासाठी ओरडली होती, रंगासाठी, उंचीसाठी ओरडली होती. यांचे तर घरच रिकामे झाले होते.

पण दादा हळूच म्हणाले, “मीच जरा मोठ्याने बोलायला हवं होतं.”

आणि ते गेले. काकू माझ्यावर बसून रडल्या. माझ्या फळीने कितीतरी लोकांचा राग सोसला होता, पण एवढे जड मला कधी झाले नव्हते.

त्यानंतर काकूंनी ती रीत मोडली. आता कुणी आले, अगदी “ससा रागाने बघतो” असे सांगत आले, तरी त्या आधी ससा स्वतःच्या हातात घेतात. पोट दाबून बघतात, कान चाचपतात, तोंडाशी कान नेऊन दातांचा आवाज ऐकतात. गिऱ्हाईक तोवर उभ्या उभ्या कितीही बडबडो. फाटकाशी कुणी गप्प उभे असले तर त्याला आधी आत बोलावतात. मी शेडच्या मागे असतो. माझ्यावर खाद्याची पोती ठेवतात. माझा आखूड पाय कुणी ठोकला नाही. ओलीने तो आता खालून कुजत चालला आहे. मला त्याचा राग नाही. माझ्यावर बसले की सगळे मिटते, असे मानून मी उगाच फुगलो होतो. माणसे शांत झाली, सशांचे दुखणे तसेच राहिले.

तुमच्याकडे ससा असेल, मांजर असेल, घरात कमी बोलणारे कुणी माणूस असेल. ते गप्प आहे म्हणजे बरे आहे, असे धरून चालू नका. कितीही दमलेले असा, उठून दोन पावले जवळ जा, हात लावून बघा, विचारा. कृपा करून त्याच्यावर मोठ्याने बोलायची पाळी आणू नका, मित्रांनो. काहींना ते येतच नाही.